गाडींतला हवेचा पंप आणि त्याची कळ

मोटारगाडीच्या विजेचा विषय या सदरांत यावा याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. आजवर आम्ही पाण्याचा पंप, गीझर, घरांतील जुनें वायरिंग अशा घराच्या भिंतींआंतील विषयांवर लिहीत आलों. परंतु ज्या वस्तूंत आपलीं मुलेंबाळें आणि वडील मंडळी बसून घाट उतरतात ती वस्तु घरांतलीच समजली पाहिजे, आणि स्वयंपाकघरांतील गॅसच्या नळीकडे आपण जितक्या काळजीनें पाहतों तितक्याच काळजीनें तिच्या तारांकडेहि पाहिलें पाहिजे. आमचें हें मत पूर्वीपासूनचें नाहीं. तें एका संध्याकाळीं बनलें.

पालघरास आमचें घर. पुतण्या बोइसरच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस असून त्याची पत्नी डॉक्टर आहे. महिन्यांतल्या एका रविवारीं ती, तिच्या दोन मैत्रिणी आणि औषधांच्या पेट्या असा लवाजमा जव्हार-मोखाड्याकडील पाड्यांवर जातो. आमचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झाला. त्याच्या एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास सह्याद्रीच्या रांगा. या डोंगराळ भागांतील कित्येक पाड्यांची वाट डांबर संपल्यावर सुरू होते. पावसाळ्यांत ती चिखलाची, दिवाळीनंतर दगडगोट्यांची. म्हणून पुतण्यानें चारहि चाकांस एंजिनाची शक्ति पोंचते अशी, जिला आपल्याकडे सर्रास जीप म्हणतात त्या जातीची गाडी घेतली.

अशा वाटेवर चाकांतील हवा मुद्दाम कमी करावी लागते. सडकेवर जेथें चौरस इंचास ३० ते ३२ पौंड हवा ठेवावयाची तेथें ती १८-२० पौंडांवर आणली, कीं टायर पसरतो, जमिनीवर टेकणारा त्याचा भाग लांबतो, आणि दगडावर उसळण्याऐवजीं तो दगडास कवेंत घेतो. चिखलांत चाक जागच्या जागीं फिरण्याचेंहि पुष्कळ कमी होतें. परंतु डांबर लागतांच हाच मऊपणा वैरी होतो. वेगांत चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक टायरच्या बाजू दुमडतात व उलगडतात, त्या तापतात, आणि अखेर टायर फाटतो. तेव्हां सडकेवर येतांच हवा पुन्हा भरणें भाग असतें, आणि जव्हाराहून विक्रमगडमार्गें मनोरास उतरतांना रविवारीं दिवेलागणीस पंक्चरवाल्याचें दुकान उघडें सांपडेलच असा भरंवसा कोणी द्यावा? यासाठीं एंजिनाशेजारीं, बॉनेटखालीं, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप कायमचा बसवून घेतात. त्यास काँप्रेसर म्हणतात. (केळवें, शिरगांव, चिंचणी येथील वाळूवर हवा कमी करून गाड्या पिटाळण्याची तरुण मंडळींस जी हौस असते ती या लेखांत आम्ही धरलेली नाहीं. जेथें मुलें वाळूचे किल्ले बांधतात आणि कोळी मंडळी मासळी वाळवितात ती जागा मोटारींची नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे.)

पंप बसविण्याचें काम एका दुकानदारानें अर्ध्या दिवसांत करून दिलें. पुढच्या फळीवर, रेडिओच्या खालीं, निळा दिवा लागणारी एक नाजूक कळ बसली. ती दाबली कीं पंप चाले, पुन्हा दाबली कीं थांबे. पहिल्या महिन्यांत फ्यूज दोनदां उडाला. तक्रार करतांच दुकानदारानें मोठा फ्यूज घातला, आणि फ्यूज उडणें बंद झालें. आम्हां सर्वांस बरें वाटलें. येथेंच आम्हीं चूक केली. कारण ताप मोजण्याचा काच फोडून टाकला म्हणजे ताप उतरत नाहीं.

त्या रविवारीं जव्हारचा राजवाडा पाहण्यासाठीं वहिनी, दोन्ही नातवंडें आणि आम्हीहि बरोबर गेलों होतों. परततांना विक्रमगडच्या अलीकडे एका वळणावर गाडी बाजूस घेऊन पुतण्या हवा भरूं लागला. दोन टायर झाले. तिसरा चालू असतां मागच्या बाकावरून आठ वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, कसला तरी घाण वास येतोय." पाहतों तों कळीच्या भोंवतालचें प्लॅस्टिक मऊ पडून आंत वळलें होतें. आम्हीं कळ बंद केली, पंप चालूच. पुतण्यानें धांवत येऊन किल्ली काढली, पंप चालूच! फळीच्या मागून धुराची बारीक रेघ निघूं लागली. "आई, मुलांना घेऊन खाली उतर," एवढें ओरडून त्यानें बॉनेट उघडलें, पाना काढला आणि बॅटरीवरील तारेची पकड सोडविली तेव्हां कोठें तो पंप थांबला. या सर्वांस फार तर दोन मिनिटें लागलीं असतील. मुलांची दारें एरवीं आम्ही बाहेरूनच उघडतां येतील अशीं ठेवतों, हें त्या दोन मिनिटांत आम्हांस आठवलें.

दुसऱ्या दिवशीं बोइसरांतील एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यांनीं फळी उघडली, काळवंडलेली तार बोटांत धरून पाहिली आणि म्हणाले, "काका, यात पंपाचा काही दोष नाही. शिपायाकडे निरोप द्यायचा, तर यांनी त्याच्या डोक्यावर पोतं दिलंय." पुढें तासभर त्यांच्या स्टुलावर बसून आम्हीं जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचा पंप चालतांना सुमारें २५ अँपिअर प्रवाह ओढतो. दाब १२ व्होल्ट. दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ति. म्हणजे हा पंप ३०० वॅटांचा. घरांतील लहान मिक्सरहि याहून जास्त घेतो. मग त्या मिक्सरची बारीक तार जळत नाहीं आणि याची कां जळते? घरीं दाब २३० व्होल्ट असल्यामुळें तेवढ्याच कामास सव्वा अँपिअराच्या आसपास प्रवाह पुरतो. गाडींत दाब थोडा म्हणून प्रवाह एकोणीसपट. आणि तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यामुळें तीच तार घेतली तर उष्णता साडेतीनशेंपटीहूनहि अधिक. "बारा व्होल्टांनीं काय होणार, हाताला झटका सुद्धां बसत नाहीं" असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. झटका बसत नाहीं हें खरें. पण माणसास झटका बसणें आणि तार पेटणें हीं दोन निरनिराळीं भयें आहेत. पहिलें दाबावर अवलंबून असतें, दुसरें प्रवाहावर.

आमच्या भागांतील वाचकांस याचें उलट उदाहरण घरबसल्या दिसतें. तारापूरचें अणुविद्युत्केंद्र, भारतांतील पहिलें, १९६९ सालीं सुरू झालें. तेथील वीज दोन लाखांहून अधिक व्होल्टांच्या दाबानें उंच मनोऱ्यांवरून बाहेर जाते. इतका दाब कशासाठीं? दाब वाढविला म्हणजे तेवढीच शक्ति थोड्या प्रवाहांत वाहून नेतां येते, आणि वाटेंत तारा तापून वीज वायां जात नाहीं. मोटारीचा संसार याच्या नेमका उलट टोंकास आहे. दुसऱ्या महायुद्धांतील विलिस जीपची बॅटरी तर ६ व्होल्टांचीच असे. तिच्यावर असा पंप चालवावयाचा म्हटला तर ५० अँपिअर लागले असते.

दुकानदारानें केलें होतें तें असें : बॅटरीपासून दीड चौरस मिलिमीटरची तार गाडीच्या आंत कळीपर्यंत, आणि कळीपासून तशीच तार परत बॉनेटखालीं पंपापर्यंत. एकूण पांच मीटर. एवढ्या तारेंत २५ अँपिअर वाहिले कीं दीड व्होल्ट वाटेंतच खर्च होतो आणि ३६ वॅट उष्णता निर्माण होते. ही उष्णता पांच मीटरांवर वांटली जाते म्हणून कांहीं काळ निभावतें. कळीच्या आंत मात्र वांटणी नाहीं. तेथें धातूचीं दोन टिकल्यांएवढीं टोकें एकमेकांस टेकतात. वापरानें व समुद्राच्या खाऱ्या हवेनें तीं काळीं पडलीं आणि त्यांचा रोध एक-विसांश ओहमहि झाला, तर तीस वॅटांहून अधिक उष्णता टांचणीच्या डोक्याएवढ्या जागीं सांठते. त्यांत पंपाची मोटर सुरू होतांना कांहीं क्षण प्रवाह नेहमींच्या कित्येक पट असतो, आणि बंद करतांना ठिणगी पडते. टोकें वितळून एकमेकांस चिकटलीं कीं कळ बाहेरून बंद दिसली तरी आंतून चालूच राहते. आमची तशीच राहिली होती.

ठिणगीविषयीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. घरांतील विजेचा प्रवाह दिशा बदलीत असल्यामुळें सेकंदांत शंभर वेळां शून्यावर येतो, व कळीतील ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेनें वाहतो. त्यास शून्य ठाऊक नाहीं. म्हणून गीझरसाठीं मिळणारी १६ अँपिअरची घरगुती कळ गाडींत बसवून निश्चिंत होणें हा भ्रम आहे. असे निश्चिंत गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. त्यांपैकीं एक इंजिनिअर होते.

यावरील उपाय रिले नांवाच्या लहानशा डबींत आहे. ती आगपेटीएवढीहि नसते. पूर्वीं डाकेच्या चौकीवर थकलेला घोडा सोडून ताजा जोडीत, आणि निरोप मात्र तोच पुढें जाई, तोच हा प्रकार. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यानें १८३५ च्या सुमारास असें साधन रचलें, आणि पुढें तारायंत्रांत, दूरवर जाऊन क्षीण झालेला संदेश ताज्या बॅटरीवर पुढें पाठविण्यास त्याचा उपयोग झाला. डबीच्या आंत बारीक तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून थोडासा प्रवाह सोडला कीं तें लोहचुंबक बनतें, एक पोलादी पट्टी ओढून घेतें, आणि पट्टीवरील जाड टोकें जुळून मोठा प्रवाह सुरू होतो. वेटोळ्यास पाव अँपिअरहि लागत नाहीं. म्हणजे फळीवरील नाजूक कळीनें पंचवीस अँपिअरांऐवजीं पाव अँपिअर वाहावयाचा. निळ्या दिव्याची ती कळ तेवढ्यासाठींच जन्मलेली असते.

रिलेच्या पायांवर आंकडे कोरलेले असतात आणि बहुतेक सर्व देशांतील मोटारींत ते एकच आहेत, ही या धंद्यांतील मोठी सोय. ३० या आंकड्यास बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी जाड तार. ८७ पासून पंपाकडे जाणारी जाड तार. ८५ व ८६ हीं वेटोळ्याचीं दोन टोकें. एकास कळीकडून येणारी बारीक तार, दुसरें गाडीच्या सांगाड्यास. कांहीं रिलेंस ८७ अ असा पांचवा पाय असतो. तो वेटोळें निजलेलें असतां जोडलेला असतो. त्यास चुकून पंप जोडला तर कळ बंद असतां पंप चालेल. त्या पायास कांहींएक लावूं नये. मुख्य लाभ असा कीं रिले, पंप व बॅटरी हीं तिन्हीं बॉनेटखालींच राहिल्यामुळें जाड तारेचा प्रवास मीटर-दीड मीटरांत संपतो. गाडीच्या आंत, माणसांच्या पायांशीं, जातात त्या फक्त बारीक तारा. पंपास ठराविक दाबावर आपोआप थांबविणारी कळ असेल तर तीहि याच बारीक मार्गांत घालावयाची.

आतां फ्यूज. हा पंपाचा रक्षक आहे अशी सार्वत्रिक समजूत आहे. वास्तविक तो तारेचा रक्षक आहे. तार जेवढा प्रवाह निर्धोकपणें वाहूं शकते त्याहून फ्यूज लहान हवा, आणि पंपाच्या नित्याच्या प्रवाहाहून मोठा. आमच्या नव्या जोडणींत तार ६ चौरस मिलिमीटरची, फ्यूज ४० अँपिअरचा. दुकानदाराच्या तारेवर हा फ्यूज घातला असतां तो जळण्यापूर्वीं तार जळणार, आणि त्यानें नेमकें तेंच केलें होतें. वाड्यांतील चिनी मातीच्या फ्यूजमध्यें वीज वारंवार जाते म्हणून पदरीं तार गुंडाळणारे काका बहुतेक घरांत होऊन गेले. ही त्यांचीच परंपरा. शिवाय फ्यूजची जागाहि महत्त्वाची आहे. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तारेस कोणाचेंच संरक्षण नसतें. ती घासून सांगाड्यास टेकली तर बॅटरी आपली सगळी शक्ति तिच्यांत ओतील. म्हणून हा तुकडा वीतभराहून लांब नसावा. आमचा जुना फ्यूज पंपाजवळ, म्हणजे तारेच्या शेवटास होता. चोर शिरल्यावर माजघराला कुलूप लावण्यासारखें तें होतें.

बारीक तारेचा उगम किल्लीच्या ताब्यांत असलेल्या मार्गावरून घ्यावा, व त्यासहि आपला असा लहान फ्यूज असावा. किल्ली काढली कीं कळ निर्जीव. गाडी अंगणांत उभी असतां मुलें आंत बसून सर्व कळा दाबून पाहतात, हें ज्या घरांत मुलें आहेत तेथें सांगावयास नको. पंप चालवितांना एंजिन चालू ठेवावें. चारहि टायर भरण्यास वीस मिनिटें धरलीं तर बॅटरींतून आठ अँपिअर-तासांहून अधिक वीज जाते, आणि संध्याकाळीं आडवाटेला गाडी सुरूच झाली नाहीं तर चाकांतील हवेचें करावयाचें काय? अर्थात् हें सर्व उघड्या जागीं. बंद गॅरेजमध्यें एंजिन चालू ठेवून हवा भरणें जिवावर बेतेल.

काम सुरू करण्यापूर्वीं बॅटरीची उणे बाजूची पकड प्रथम सोडावी. अधिक बाजू आधीं सोडावयास गेलें आणि पाना सांगाड्यास लागला तर पाना लाल होतो. एंजिन व बैठक यांमधील पत्र्यांतून तार आंत नेतांना भोंकास रबरी बूच हवें. नुसत्या पत्र्याची कड खडबडीत वाटेवर महिन्याभरांत तारेचें कवच करवतीसारखें कापते. पंपाची परतीची तार शक्य तों थेट बॅटरीच्या उणे टोकास न्यावी, सांगाड्यास जोडणें असल्यास खालचा रंग खरवडून कोरा धातु काढावा. गाडीच्या मूळ तारांच्या झुबक्यास चाकू लावूं नये. आणि आम्हां समुद्राजवळच्या लोकांस आणखी एक पीडा : खारट दमट हवेनें तांब्यावर हिरवें जंगाल चढतें. जें टोक पुण्यास दहा वर्षें टिकेल तें सातपाटीस तीन पावसाळ्यांत भुगा होतें. टोकें पक्क्या दाबानें आवळून, वर ग्रीस लावून झांकलीं, तर हा फरक पुष्कळ भरून निघतो. पिळा देऊन चिकटपट्टी गुंडाळलेली जोडणी दिसली तर कारागिराचे पैसे देण्यापूर्वीं ती सोडावयास सांगावी.

मिस्त्रींचें काम दोन तासांत झालें. जाड तार, रिले, फ्यूज व टोकें मिळून जो खर्च आला तो पहिल्या दुकानदारानें निव्वळ मजुरी म्हणून घेतलेल्या रकमेपेक्षां कमी होता. जळालेली कळ त्यांनीं पुतण्याच्या हातांत ठेवली. ती आतां त्याच्या टेबलावर कागद दाबण्यास असते.

तपासणी कशी करावी असें आम्हीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "पंप पाच मिनिटं चालवा आणि प्रत्येक जोडावर हात ठेवा. जिथं हात ठेववत नाही तिथं चूक." यास ना मीटर लागत ना पदवी. पंप स्वतः तापतो, त्यास मात्र शिवूं नये. हात फक्त तारांवर, फ्यूजवर, रिलेवर आणि कळीवर.

गेल्या महिन्यांत त्याच वळणावर गाडी थांबली. पुतण्यानें नळी जोडली, कळ दाबली. वहिनी न सांगतां खालीं उतरल्या, बॉनेटखालीं वांकून पदराचें टोक सांवरीत त्यांनीं जाड तारेवर हात ठेवला, मग फ्यूजच्या डबीवर, मग रिलेवर. "नुकतं विरजण लावलेल्या दुधाएवढी आहे," त्या म्हणाल्या. नातीनें आंत कळीवर बोट ठेवून "इकडे थंडगार!" म्हणून सांगितलें. चारहि टायर बत्तीस पौंडांवर आले, नळी गुंडाळली गेली, आणि मनोरास पोंचेपर्यंत मुलें झोपलीं होतीं.